गव्हाच्या कोठीतली बाटली

रघुनाथराव सोमण भित्रे होते, आणि ही गोष्ट ते लपवत नसत. भीती लपवायलाही थोडं धैर्य लागतं, तेवढंही त्यांच्यापाशी नव्हतं. लिफ्ट आली की ते आतली वजनाची पाटी वाचत, मग आतल्या माणसांकडे एकवार बघत आणि जिन्याने जात. चंदीगडच्या त्या मोठाल्या गोल चौकांत त्यांनी नोकरीच्या छत्तीस वर्षांत एकदाही वाहन घातलं नाही. सेक्टर एकोणचाळीसच्या एका संशोधन संस्थेत त्यांची नोकरी झाली, तिथेही ते सायकलने जात, आतल्या आतल्या रस्त्यांनी. शेजारचे सरदारजी म्हणायचे, "सोमणजी, तुसी तां खड़ी साइकिल दी वी घंटी वजांदे हो." उभ्या सायकलची घंटी वाजवणारा माणूस, हीच त्यांची गल्लीतली ओळख होती.

तशी सगळी चूक त्यांची नव्हती. राजापूरहून चोविसाव्या वर्षी ते इथे आले ते स्टोअरकीपर म्हणून. संस्थेत येणारी प्रत्येक बाटली त्यांच्या हातून फळीवर जायची आणि प्रत्येकीवरचं लेबल त्यांना वाचावं लागायचं. ज्वालाग्राही. हुंगू नये. त्वचेला लागल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुसरं काही वाचलंच नाही, त्याला जग निर्धोक कसं वाटावं?

एक गोष्ट मात्र देवाने त्यांना भरभरून दिली होती, ती म्हणजे नाक. राजापूरच्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक चाखायची पद्धत नव्हती. देवाच्या आधी जिभेला काही लावायचं नाही. मग आमटीत मीठ पडलं की नाही हे कळायचं कसं? आई पातेल्यावरचं झाकण उचलून हाक मारायची, "रघू, बघ रे." आणि सात वर्षांचा रघू वाफेवर नाक धरून सांगायचा. उत्तर कधी चुकलं नाही, फक्त ते नेहमी "बहुतेक" लावून यायचं. बहुतेक पडलंय. बहुतेक चिमूटभर कमी आहे. पुढे लग्नाच्या वेळी मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरही ते म्हणाले, "बहुतेक आहे." नलिनीबाईंनी हे उत्तर जवळजवळ चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं आणि भांडणात ते हुकमी बाहेर निघत असे.

नलिनीबाई अमरावतीच्या. त्यांना कशाची भीती वाटते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. एकदा न्हाणीघरात साप निघाला तेव्हा रघुनाथराव पलंगावर उभे होते आणि बाई सापाला म्हणत होत्या, "हो न बाप्पा बाजूला, मले पाणी तापवाचं आहे." देव अशी जोडपी मुद्दाम जुळवत असावा.

तर अशा या माणसाची एका लढाऊ वैमानिकाशी दोस्ती झाली, ती नाकामुळेच. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला ग्रुप कॅप्टन हर्षवर्धन घोरपडे पाहुणे म्हणून आले होते. आरती चालू असताना रघुनाथराव टाळ खाली ठेवून त्यांच्या कानाशी लागले, "सर, बहुतेक मागे रबर जळतंय." कुणालाच काही वास येत नव्हता. घोरपड्यांनी मात्र उठून मेन स्विच बंद केला आणि मखराचा पडदा बाजूला सारला, तर मागची वायर वितळून कापडाला टेकलेली. त्या दिवसानंतर घोरपडे त्यांना कधी भित्रा म्हणाले नाहीत. "विमानात मला असा माणूस शेजारी हवा," ते म्हणायचे, "जो माझ्याआधी घाबरेल."

दोन हजार तीन साली घोरपड्यांची जोधपूरला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ते आणि त्यांच्या पत्नी मधुरिमा सोमणांच्या क्वार्टरवर आले. टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, काळपट हिरव्या काचेची, लेबलावर एका जुन्या हवेलीचं चित्र.

"फ्रेंच रेड वाइन. ब्याऐंशी सालची," घोरपडे म्हणाले. "पंच्याऐंशीला ट्रेनिंगला तिकडे होतो, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या घरमालकाने दिली. म्हणाला, चाळीस वर्षं हात लावू नकोस. तेव्हा मी पंचाहत्तरचा होईन. जोधपूरच्या उन्हात हिचा काढा होईल यार. आणि मेसमधल्या कुणाकडे ठेवली, तर वर्षभरसुद्धा टिकायची नाही."

"पण सर, मी तर पीत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडे. थंड जागा, अंधार, आणि आडवी ठेवायची. बस."

रघुनाथरावांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही धैर्य लागतं, आणि त्याचा हिशेब वर सांगितलाच आहे.

त्या वेळी त्यांची आई त्यांच्याकडे असायची, सोवळ्यातली. घरात दारूची बाटली आहे हे तिला कळलं असतं तर तिने अन्न सोडलं असतं. म्हणून ती बाटली गेली गव्हाच्या कोठीत. दर बैसाखीनंतर पिंजौरजवळच्या एका शेतकऱ्याकडून सोमण दोन पोती गहू घेत आणि तो पत्र्याच्या उंच कोठीत भरत. त्या कोठीच्या बुडाशी, ओंजळभर गव्हाच्या गादीवर बाटली आडवी निजली आणि वर गहू पडला. तिथे ना ऊन, ना उजेड, ना धक्का. घोरपड्यांना हे फोनवर कळलं तेव्हा ते खूश झाले. अशी जागा विकत मिळायची नाही म्हणाले.

आठ वर्षं सगळं सुरळीत होतं. मग दोन हजार अकरा साली गव्हात सोंडे झाले. कडुलिंबाचा पाला घालून झाला, ऊन देऊन झालं, काही उपयोग होईना. पिंजौरच्या बाजारातून रघुनाथरावांनी दुकानदाराने दिलेल्या दोन गोळ्या आणल्या. पंजाब-हरयाणात गव्हात ठेवतात त्याच. फडक्यात बांधून नलिनीबाईंनी त्या कोठीत सोडल्या आणि झाकण लावलं. सोंडे मेले. पुढे महिन्याभराने गोळ्यांची रिकामी नळी कचऱ्यात टाकताना तिच्याभोवतीचा पुडीचा कागद सुटला आणि रघुनाथरावांनी सवयीने तिच्यावरचं लेबल वाचलं. कवटी होती आणि तिच्याखाली दोन हाडं. या गोळीतून वायू निघतो, त्याला लसणासारखा वास येतो आणि तो हुंगला तर माणूस जातो.

गव्हाचं काही नव्हतं. गहू त्यांनी चार दिवस गच्चीवर पसरला, तीन पाण्यांनी धुतला, वाळवला आणि मगच दळला. पण बाटलीचं काय? ती वरून पुसता आली, आतून कोण पुसणार?

त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक धास्ती बसली ती चौदा वर्षं उठली नाही. दर दिवाळीला घोरपड्यांचा फोन यायचा. फराळाची चौकशी, त्यांच्या मुलीची खबरबात, आणि शेवटी, "आमची ठेव कशी आहे?" रघुनाथराव म्हणायचे, "ठीक आहे, सर." पहिल्या वर्षी सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. अशी वर्षावर वर्षं चढली. आई गेली, ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडून लहानशा फ्लॅटमध्ये आले, आणि कोठीही सोबत आली. महिन्यातून एकदा ते कोठीचं झाकण उघडून हुंगत. लसूण यायचा नाही. पण वर दोन पोती गहू असताना बुडाशी काय चाललंय ते नाकाला तरी कसं कळावं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. यांचा ब्रह्मराक्षस गव्हाखाली झोपला होता.

मधुरिमा वारल्या त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर घोरपडे पुण्यातलं घर बंद करून मुलीकडे, ऋचाकडे आले. ती इथल्या आयटी पार्कमध्ये कामाला होती आणि जवळच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. नोव्हेंबरात त्यांचा फोन आला.

"चौदा तारखेला पंचाहत्तरी, रघुनाथराव. दुपारी बाराला या, वहिनींना घेऊन. आदल्या दिवशी बाटली काढून उभी करून ठेवा, गाळ खाली बसू दे. मधुरिमा असती तर तिच्यासोबत प्यायलो असतो. आता तुम्ही आहात. तुम्ही नुसता वास घ्या आणि मला सांगा, चाळीस वर्षांत काय झालं ते."

रघुनाथरावांनी "हो, सर" म्हणून फोन ठेवला. त्यांनी संस्थेतल्या हिमानीला फोन लावला. ती शिकायला आली तेव्हापासूनची ओळख, आता शास्त्रज्ञ झाली होती. मित्राची गोष्ट आहे असं सांगून त्यांनी विचारलं, बंद बाटलीत बाहेरचा वायू जाऊ शकतो का?

"अंकल, कॉर्क तो साँस लेता है," ती म्हणाली. "थोड़ा बाहर, थोड़ा अंदर. इतने साल बाद कुछ बचा होगा, लगता तो नहीं. पर नापे बिना पक्का कैसे बोलूँ?"

ती "लगता तो नहीं" म्हणाली हे रघुनाथरावांनी ऐकलंच नाही. कॉर्क श्वास घेतो, एवढंच त्यांनी ऐकलं.

तेरा तारखेला नलिनीबाईंनी कोठी रिकामी केली. तळातून बाटली निघाली, खांद्यावर गव्हाचा भुसा घेऊन. रघुनाथरावांनी ती खिडकीत धरली. बावीस वर्षांपूर्वी वाइन मानेपर्यंत होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. आता ती खांद्यापर्यंत उतरली होती. म्हणजे दोन बोटं वाइन बाहेर गेली होती. आणि तेवढ्या जागेत काय आत आलं होतं?

"अगं," ते म्हणाले, "सरांना सांगूया का?"

"काहून नाही? सांगा न," नलिनीबाई गहू परत भरत म्हणाल्या. "चौदा वर्सं झाले, मनातच सांगतो सांगतो करून राहिले तुम्ही." म्हणजे तिला ठाऊक होतं. दर महिन्याला कोठीत नाक खुपसणारा नवरा काय शोधतो, हे बायकोला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते निघाले. ऋचाच्या सोसायटीत पोचल्यावर वर जायचं ते जिन्याने, अर्थात. नलिनीबाई लिफ्टने वर गेल्या आणि रघुनाथराव बाटली छातीशी धरून एकेक पायरी चढू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. तिथे त्यांना आयुष्यातली सगळ्यात हुशार कल्पना सुचली. बाटली पडली तर? म्हातारा माणूस, जिना, पाय घसरला. सर हळहळतील, पण जिवंत राहतील. त्यांनी हात कठड्याबाहेर धरला. खाली अंगणात कुणी नव्हतं. बोटं सोडायची, एवढंच काम होतं.

बोटं सुटेनात. त्यांनी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. बावीस वर्षं जी वस्तू सांभाळायची म्हणून सांभाळली, ती सोडायला हात तयार होईना. मन म्हणत होतं सोड आणि बोटं आवळत होती. एवढे नालायक आपण, की साधी बाटलीही पाडता येत नाही, असं वाटून त्यांना रडू आलं. मग ते डोळे पुसून वर गेले.

दार ऋचाने उघडलं. "अंकल, पापा सुबह से तैयार बैठे हैं," ती हसत म्हणाली. आत घोरपडे निळा ब्लेझर घालून बसले होते. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, अंगाने निम्मा झालेला, ब्लेझर खांद्यावर लोंबत होता. टेबलावर पांढरी चादर, दोन ग्लास, काचेचा जग, मलमलचं फडकं आणि एक जुनी वही. भिंतीवर मधुरिमांचा फोटो. रघुनाथराव वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हणणार होते, "सर, एक सांगायचं होतं." पण घोरपड्यांनी बाटली दोन्ही हातांत घेतली आणि लेबलावरून अंगठा फिरवला. लेबल जसंच्या तसं होतं. ते फक्त म्हणाले, "तुम्ही ठेवलीत." रघुनाथरावांचं वाक्य घशातच राहिलं.

"खांद्यापर्यंत उतरली आहे," घोरपडे बाटली उजेडात धरून म्हणाले. "या वयात एवढी उतरायचीच." त्यांनी वही उघडली. घरमालकाने शिकवलेली रीत त्यात लिहिली होती. आधी रंग, मग वास, मग चव, आणि घोट गिळल्यावर किती वेळ तोंडात राहते ते. घाई करायची नाही.

बूच काढायचा स्क्रू हळूहळू कॉर्कात गेला. कॉर्क अर्ध्यावर तुटला. खालचा तुकडा बाहेर आला तो काळा, भिजून मऊ झालेला. मलमलमधून त्यांनी वाइन काचेच्या जगमध्ये ओतली. गाळ दिसताच हात थांबवला. मग एका ग्लासात दोन घोटांएवढी घेतली आणि ग्लास पांढऱ्या चादरीवर तिरका केला. मध्ये डाळिंबाचा रंग होता, कडेला विटेचा. "कडेची वीट म्हणजे वय," ते म्हणाले आणि ग्लास रघुनाथरावांकडे सरकवला. "घ्या. सांगा."

रघुनाथरावांनी ग्लासावर नाक धरलं आणि लसूण आला.

मंद होता. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण ज्याने सातव्या वर्षी वाफेवरून मीठ सांगितलं त्याला तो चुकणार नव्हता. लसूण, आणि मागे काहीतरी जुनं, रबरासारखं. चौदा वर्षं जे घडेल म्हणून ते भ्याले होते ते आता दोन घोट होऊन समोर उभं होतं.

"थोडा कुबट वास आहे का?" घोरपडे म्हणाले. "जुन्या बाटलीला पहिल्यांदा येतो." आणि त्यांनी ग्लास स्वतःकडे घेऊन ओठांशी नेला.

यानंतर जे झालं ते रघुनाथरावांनी ठरवून केलेलं नाही. ठरवलं असतं तर त्यांच्याच्याने झालंच नसतं. त्यांनी हात पुढे करून ग्लास सरांच्या हातातून काढून घेतला आणि एक मोठा घोट गिळून टाकला. सहासष्ट वर्षांत कोकम सरबतापलीकडे न गेलेला माणूस. जीभ सुकली, हिरड्या आकसल्या, घसा आंबट झाला.

"रघुनाथराव?" घोरपडे म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नलिनीबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या टेबलाशी आल्या, त्यांच्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेला घोट उभ्या उभ्या पिऊन टाकला. काढा प्यावा तसा. मग ग्लास खाली ठेवून हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गोळ्या मीच टाकल्या होत्या."

घोरपड्यांनी हसत जग उचलला आणि दुसरा ग्लास भरू लागले. "सर, थांबा," रघुनाथराव म्हणाले. "अर्धा तास. अर्धा तास कुणी हात लावायचा नाही."

घोरपडे क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर. म्हातारा हेच म्हणायचा, हिला श्वास घेऊ दे, बोलेल मग. तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी ग्लास भरून टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि घड्याळ लावलं. एकाच ग्लासाकडे ते तिघं बघत बसले. एक जण ती जागी होण्याची वाट बघत होता, आणि दोघं आपण मरतो का याची.

दहा मिनिटांनी रघुनाथरावांच्या छातीत ऊब पसरली. कानाच्या पाळ्या तापल्या. सुरू झालं, त्यांना वाटलं. बोटांची टोकं हलकी झाली, कपाळाला घाम आला, डोकं किंचित तरंगू लागलं. दारू आयुष्यात पहिल्यांदा पोटात गेली की असंच होतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते कुणाला विचारणारही नव्हते. त्यांनी टेबलाखालून बायकोचा हात धरला. तिचाही गरम होता. या बाईने कधी कशाची भीती धरली नाही आणि आज ती आपल्यामुळे मरणार, या विचाराने त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. फोटोतल्या मधुरिमांकडे बघून त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली. मग राजापूरच्या देवाची. मग आईची, दारू प्यायल्याबद्दल. नलिनीबाईंनी त्यांचा हात दाबला. दाबणारा हात थरथरत होता, आणि ती थरथर रघुनाथरावांची नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं की तीही भिते.

ऋचा स्वयंपाकघरातून येऊन गेली. "आप लोग इतने चुप क्यों हो?" घोरपड्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

अर्ध्या तासाने घड्याळ वाजलं. रघुनाथराव जिवंत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. गाल लाल झाले होते, पण जिवंत होती. मग ते पुढे झुकले आणि ग्लासावर नाक धरलं.

लसूण नव्हता. त्यांनी डोळे मिटून पुन्हा शोधला, घरात चोर शोधावा तसा, कानाकोपऱ्यात. नव्हता.

"बोला," घोरपड्यांनी पेन उचललं.

"माठाखालची ओली वाळू," रघुनाथराव हळूहळू म्हणाले. "खाली तिचा वास आहे. वर, सर, पेन्सिलीला टोक केल्यावर शाळेत यायचा तो. मग करवंदं. झाडावरची नाहीत, पिकून खाली पडलेली, दोन दिवस उन्हात राहिलेली." ते थांबले. पुन्हा वाकले. "आमच्या आजोबांची तपकिरीची डबी होती. ते गेल्यावर आई ती रिकामी कपाटात ठेवायची. तो वास आहे. आणि मघाशी गिळली ना, तेव्हा नुसती आंबट, तुरट वाटली. पण अजून घशात आहे. अर्धा तास झाला तरी आमसुलासारखी आहे. जात नाही."

घोरपडे लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी चष्मा काढून पुसला. "मधुरिमाला हे ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. मग वही मिटून त्यांनी ग्लासाकडे हात नेला.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. सगळं निभावलं होतं, कुणाला काही कळलं नसतं. पण ज्याने घोट गिळला त्याला आता एक वाक्य गिळणं जमेना.

"सर," रघुनाथराव म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. सोंडे, पिंजौरच्या गोळ्या, नळीवरची कवटी, चौदा दिवाळ्या, हिमानी, जिन्यातला कठडा, आणि ग्लास का हिसकावला ते. मध्ये एकदाही थांबले नाहीत. सांगून झाल्यावर ते खाली चादरीकडे बघत बसले. आता सर उठून दार दाखवतील, असं त्यांना वाटलं. बावीस वर्षांची ठेव आणि तिच्याहून जुनी दोस्ती, दोन्ही आज संपणार होत्या.

घोरपड्यांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे तुम्ही मरायला प्यायलात," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि वहिनी?"

"यायले एकटं कसं सोडाचं, भाऊजी?" नलिनीबाई म्हणाल्या. "लिफ्टातही एकटे जात नाहीत हे."

घोरपड्यांनी ग्लास उचलला, उजेडात धरला, विटकरी कड पाहिली. मग तो रघुनाथरावांच्या नाकाखाली नेला.

"लसूण आहे?"

रघुनाथरावांनी वास घेतला. एकदाच घेतला.

"नाही."

"बहुतेक नाही?"

"नाही, सर," रघुनाथराव म्हणाले. "नक्की."

नलिनीबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. घोरपड्यांनी मान हलवली, फोटोकडे बघून ग्लास किंचित उंचावला आणि प्यायले.